बेअरिंग शंभर ग्रॅमचं, इंजिन वीस हजार डॉलरचं

माझ्या टेबलावर एक जुनं बेअरिंग असतं. बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर, आतला २०, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बेअरिंगच्या दुकानात जाऊन ‘६२०४ द्या’ म्हटलं, की याच मापाचं बेअरिंग काउंटरवर येतं. अर्ध्या-एक हॉर्सपॉवरच्या विजेच्या मोटारीत ते सर्रास बसलेलं असतं. माझ्याकडचं मात्र २००१ सालच्या पोर्शे बॉक्स्टरच्या इंजिनातून निघालंय. बोटात धरून फिरवलं तर अजून फिरतं, पण कानाशी नेलं की बारीक खरखर ऐकू येते. आत ग्रीस उरलेलं नाही, छर्‍यांच्या मध्ये पातळ काळं तेल आहे. ज्या मित्राच्या गाडीतून ते निघालं त्याने वीस वर्षांनी, काही बिघडायच्या आत बदलून घेतलं. गाडी आजही ठणठणीत आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांचा वर्षाकाठी एखादा-दुसरा फोन मला याच विषयावर येतो. ‘अरे, बॉक्स्टर मिळतेय बारा हजारांत. लाखभर मैलांच्या आत चाललेली आहे, रंग छान आहे. एवढ्यात तर साधी नवी गाडीही येत नाही. घेऊन टाकू का?’ फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतोय. गाडी फार सुंदर आहे, हे आधीच सांगतो. चालवायला बसलात तर उतरावंसं वाटत नाही. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण जुन्या स्पोर्ट्स कारला जशी लागू पडते तशी दुसऱ्या कशालाच पडत नाही. मसाल्याचा हिशेब आधी हातात असेल तर कोंबडी जरूर घ्यावी.

इथे बोलतोय ते दोन गाड्यांबद्दल. पहिली बॉक्स्टर, कंपनीच्या भाषेत ९८६, जी १९९६ ते २००४ या काळात बनली. दुसरी तिची मोठी बहीण, ९९६ क्रमांकाची ९११, जी १९९७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली आणि २००५ पर्यंत चालली. दोघींच्या पोटात एकाच घराण्याचं इंजिन आहे, एम९६.

या इंजिनाची जन्मकथा थोडक्यात सांगायला हवी, कारण दुखणं तिथूनच सुरू होतं. १९६३ मध्ये ९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हापासून तिचं इंजिन हवेने थंड होत असे. ना रेडिएटर, ना कूलंट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीची स्थिती बिकट झाली. गाड्या महाग पडत होत्या आणि खपत नव्हत्या. १९९३ मध्ये वेन्डेलिन वीडेकिंग प्रमुख झाले. त्यांनी जपानी सल्लागार बोलावून कारखान्याची शिस्त बदलली आणि दोन गाड्या शक्य तेवढ्या सारख्या भागांतून उभ्या केल्या. म्हणून या दोघींचा चेहरा एकसारखा दिसतो आणि दोघींच्याही दिव्यांना लोक ‘तळलेलं अंडं’ म्हणतात. इंजिन नवं कोरं, पाण्याने थंड होणारं आणि बनवायला स्वस्त. कंपनी तरली ती याच गाड्यांमुळे. पण नव्या इंजिनात काही जागी काटकसर झाली आणि तिचा हिशेब पुढे मालकांना चुकवावा लागला.

एका उखळात दोन मुसळं

आता ते बेअरिंग इंजिनात करतं काय, ते पाहू.

या इंजिनात सहा सिलिंडर आहेत, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, सगळे आडवे झोपवलेले. मधोमध पिस्टनांच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट. पेट्रोल आणि हवा आत घेणारे, धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह मात्र दोन्ही टोकांना, मधल्या क्रँकपासून लांब. ते उघडबंद करणारे कॅमशाफ्टही तिथेच. क्रँकची फेरी त्यांच्यापर्यंत पोचवायची तर मध्ये एक दुवा हवा. तो दुवा म्हणजे क्रँकच्या खाली असलेला एक मधला दांडा, इंटरमीडिएट शाफ्ट. क्रँक साखळीने या दांड्याला फिरवतो आणि या दांड्यावरून निघालेल्या साखळ्या दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना फिरवतात. तेलाचा पंपही यावरच चालतो. म्हणजे दांडा दिसत कुठेच नाही, पण सगळं त्याच्या भरवशावर आहे. त्याचं फ्लायव्हीलकडचं, म्हणजे गियरबॉक्सच्या बाजूचं, टोक ज्यावर तोललेलं आहे ते हे बेअरिंग.

व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचं नातं समजून घ्यायला एका उखळात कांडणाऱ्या दोघी जणी डोळ्यांसमोर आणा. एकीचं मुसळ खाली येतं तेव्हा दुसरीचं वर गेलेलं असतं. जागा एकच, वेळ वेगळी. ताल आहे तोवर दोघी न बघताही कांडत राहतात. एकीचा ताल चुकला की मुसळावर मुसळ. इंजिनातही व्हॉल्व्ह खाली येतो तेव्हा पिस्टन खाली असायला हवा. बेअरिंग झिजलं की दांडा डगमगतो, साखळी सैल पडते, एखादा दात उडी मारतो आणि ताल सुटतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगात पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टन फुटतात, आणि बेअरिंगचे पोलादी कण तेलाबरोबर इंजिनभर फिरून उरलंसुरलं सगळं खरवडतात. आपल्याकडे मेकॅनिक मान हलवून म्हणतो ‘इंजिन बसलं’, ते हेच.

बेअरिंग का जातं, यावर बराच खल झालाय. मला पटणारं कारण असं. हे बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद आहे आणि आत ग्रीस भरलेलं आहे. बंद बेअरिंग कोरड्या जागी उत्तम चालतं. इथे मात्र ते इंजिनच्या तेलाच्या धारेत राहतं. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन त्याच्या कडेचं रबर कडक होतं, तेल हळूहळू आत झिरपतं आणि ग्रीस धुऊन नेतं. आत शिरलेलं तेल बाहेर पडायला वाट नाही, ताजं तेल आत यायलाही वाट नाही. तेच जुनं, आम्ल आणि ओलावा धरलेलं तेल छर्‍यांना चाटत राहतं. म्हणून जी गाडी सहा महिने झाकून ठेवली जाते आणि रविवारी कोपऱ्यावरच्या कॉफीपुरती निघते, तिला धोका जास्त, असं या गाड्यांवर आयुष्य घालवलेले मेकॅनिक सांगतात. ‘फारच कमी चालली आहे हो’ हे विकणाऱ्याचं वाक्य इथे ऐकायला गोड लागतं, पण त्याने हुरळून जाऊ नका.

सगळ्या गाड्यांत धोका सारखा नाही. सुरुवातीच्या, साधारण २००० पर्यंतच्या बहुतेक इंजिनांत छर्‍यांच्या दोन ओळींचं बेअरिंग आहे, ते बऱ्यापैकी दणकट. त्यानंतर २००५ पर्यंत एका ओळीचं आलं, माझ्या टेबलावरचं. खरा घोर याचाच. २००६ ते २००८ च्या पुढच्या पिढीत मोठं बेअरिंग बसवलं. ते क्वचित जातं, पण गेलं किंवा बदलायचं म्हटलं तर अख्खं इंजिन दुभागल्याशिवाय निघत नाही. २००९ च्या नव्या इंजिनातून हा मधला दांडाच काढून टाकला. अमेरिकेत मालकांनी सामूहिक दावा लावला होता. मे २००१ ते फेब्रुवारी २००५ दरम्यान बनलेल्या गाड्यांपुरती त्यात २०१३ मध्ये तडजोड झाली. एका ओळीच्या बेअरिंगमध्ये शंभरातली आठ-दहा गेली आणि दोन ओळींच्यात शंभरात एकही नाही, असं प्रमाण तेव्हापासून सगळीकडे सांगितलं जातं. म्हणजे शंभरातल्या नव्वद गाड्यांना काहीच झालेलं नाही. पण उरलेल्या आठ-दहांच्या मालकांना गाडीच्या किमतीपेक्षा इंजिनाचं बिल मोठं आलं. गाडी बारा हजारांत मिळते त्यामागे ही भीती आहे.

भाग स्वस्त, वाट महाग

आता पैशाचं बोलू. पुढचे आकडे अमेरिकेतल्या स्वतंत्र, म्हणजे शोरूमच्या बाहेरच्या, पोर्शेची कामं करणाऱ्या गॅरेजांचे ढोबळ आकडे आहेत. शहरागणिक फरक पडेल. शोरूममध्ये गेलात तर आकडा बराच चढेल.

या गाडीच्या दुरुस्तीत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बिल कधी दचकवत नाही. भागाची किंमत किती, हा प्रश्न दुय्यम. त्या भागापर्यंत पोचायला काय काय उतरवावं लागतं, हा खरा प्रश्न. गॅरेजचा तासाचा दर दीडशे ते अडीचशे डॉलर. सोन्यापेक्षा घडणावळ जास्त, असा प्रकार.

इंजिन आणि गियरबॉक्स जोडतात त्या जागी क्रँकशाफ्टभोवती एक ऑइल सील असतं. ते तीस-चाळीस डॉलरचं. या इंजिनांत तिथून तेल पाझरणं इतकं नेहमीचं आहे की गाडी जॅकवर घेतली आणि जोडावर एक थेंब लोंबकळताना दिसला तरी जाणकार दचकत नाहीत. पण ते सील बदलायचं तर गियरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचं. आठ-दहा तास सहज जातात. आणि फ्लायव्हील काढल्यावर सीलच्या खालीच जे झाकण दिसतं, त्यामागे आपलं बेअरिंग बसलेलं आहे.

आपल्याकडचा मेकॅनिक म्हणतो, ‘साहेब, उघडलंच आहे तर हेही करून टाकू.’ गिऱ्हाइकाला वाटतं, हा बिल वाढवतोय. या गाडीच्या बाबतीत तो सोळा आणे खरं बोलतोय. क्लच, सील, बेअरिंग ही तिन्ही कामं वेगवेगळ्या वर्षी केली तर तीच मजुरी तीनदा भराल. एकदम केली तर एकदाच. क्लच प्लेटचा संच पाचशे डॉलरच्या आसपास. फ्लायव्हील दोन थरांचं असतं, ते ढिलं झालं असेल तर आणखी सातशे ते हजार. बेअरिंगचा संच निवडीप्रमाणे सातशेपासून दोन हजारांपर्यंत. स्वस्तात सिरॅमिकचे छर्रे असलेलं बेअरिंग येतं, महागात छर्रे नसलेलं, इंजिनच्या तेलाच्या दाबावर तरंगणारं साधं बुश. तरंगणारं बुश तत्त्वाने जास्त शहाणपणाचं आहे, कारण त्यात झिजायला छर्रेच नाहीत आणि तेल सतत ताजं येतं. सगळं मिळून तीन ते पाच हजार डॉलर. गाडी बारा हजारांची आणि हे काम झाल्याची पावती नसेल, तर मनात ती सोळा हजारांचीच धरा. पावती असेल आणि विकणारा चौदा मागत असेल, तर तोच सौदा स्वस्त आहे.

बेअरिंग बदलण्याआधी एक तपासणी मात्र झालीच पाहिजे, कारण बेअरिंग आधीच कण सोडायला लागलं असेल तर नवं बसवून काही साधत नाही. तेलातले कण नव्यालाही खातात.

ही तपासणी मी मित्राच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी गॅरेजमध्ये पाहिली आणि केली. साडेआठ-नऊ लिटर तेल टबात उतरवलं. इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं झाकण फिरवून आतला कागदी फिल्टर काढला. त्याचा कागद पंख्यासारखा घडी घातलेला असतो. धारदार सुरीने दोन्ही कडा कापून तो लांबच लांब पांढऱ्या कापडावर पसरला, साडीच्या निऱ्या उलगडाव्यात तसा. तेल निथळू दिलं. मग दिव्याच्या उजेडात घडीघडीतून पाहत गेलो. दोन-चार चकाकणारे ठिपके दिसले. मित्राचा चेहरा उतरला. प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून वरून फिरवलं, तर ते ठिपके जागचे हलले नाहीत. चुंबकाला न चिकटणारी बारीक चकाकी म्हणजे ॲल्युमिनियम, तेही नखाच्या टोकाएवढं नव्हतं. जुन्या इंजिनात तेवढं चालतं. चुंबकाला चिकटणारे टोकदार तुकडे मिळाले असते तर ते पोलाद, म्हणजे बहुधा बेअरिंग. तपकिरी प्लॅस्टिकचे तीन लहान कपचे मात्र मिळाले. ते साखळीला ताण देणाऱ्या पट्ट्यांचे. त्यावर लक्ष ठेवायचं, घाबरायचं नाही. या सगळ्याला खर्च आला तो तेलाचा आणि फिल्टरचा. कंपनीने मुळात १५,००० मैलांनी तेल बदलायला सांगितलं होतं. जुन्या गाडीत ५,००० मैल किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते पाळा आणि दर वेळी फिल्टर कापून बघा. इंजिन आपली तब्येत तिथे लिहून ठेवतं.

सिलिंडरला पडणारे ओरखडे

बेअरिंगचा एवढा बोभाटा झालाय की दुसरं, माझ्या मते जास्त अवघड दुखणं मागे राहतं. बेअरिंग आधी बदलता येतं. याला मात्र असा साधा आगाऊ उपाय नाही.

जुन्या धाटणीच्या इंजिनात सिलिंडरला आतून बिडाची नळी असते. पिस्टन त्यात घासून झिजला तर आपण ‘बोअर करून’ घेतो, पिस्टन-रिंग बदलतो आणि पुढचा लाख किलोमीटर निघतो. उद्यमनगरात हे काम करणारी दुकानं मी लहानपणापासून पाहत आलोय. एम९६ मध्ये तशी नळी नाही. ॲल्युमिनियमच्या ओतकामातच सिलिकॉनचे कडक कण मिसळून सिलिंडरचा पृष्ठभाग तयार केलाय आणि पिस्टनवर पातळ लेप दिलाय. तो लेप घासून गेला की ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासू लागतं आणि उभे ओरखडे पडतात. थंडीत गाडी सुरू करून लगेच जोरात पिटाळणं याला वाईट. ३.६ लिटरच्या इंजिनांत, म्हणजे २००२ पासूनच्या ९११ मध्ये आणि तिच्या पुढच्या पिढीत हे जास्त दिसतं. लहान बॉक्स्टरमध्ये कमी.

खुणा तीन. गरम इंजिन सावकाश चालत असताना एका बाजूने टिक-टिक येते, गती वाढवली की तीही वाढते. तेल पिणं वाढतं. आणि ९११ मध्ये मागच्या दोन बाजूंच्या सायलेन्सरच्या नळ्यांपैकी एकीत दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त काजळी धरते. बोट आत फिरवा आणि दोन्ही बोटं शेजारी धरून बघा. खात्रीसाठी मेकॅनिक प्लगच्या भोकातून किंवा खालचं तेलाचं भांडं उतरवून बारीक कॅमेरा आत घालतो आणि सिलिंडरची भिंत पडद्यावर दाखवतो. यात ओरखडे दिसले तर गाडीपासून लांब व्हा. इंजिन पूर्ण खोलून नव्या नळ्या, नवे पिस्टन बसवायचे तर पंधरा ते पंचवीस हजार डॉलर लागतात. लेखाच्या मथळ्यातला आकडा इथला आहे, आणि बेअरिंग फुटलं तरी गाडी येऊन पोचते ती याच दारात.

बाकीची दुखणी

उरलेल्यांपैकी एक दिसायला भयंकर आहे पण तेवढं नाही. इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणारी एक प्लॅस्टिकची डबी असते, आत रबराचा पातळ पडदा. पडदा फाटला की इंजिन तेलच ओढून घेतं आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो, शेतात पाचट पेटवल्यासारखा. लोकांना वाटतं इंजिन गेलं. डबी दीड-दोनशे डॉलरची, मजुरीसह सहाशे ते हजार. एक साधी खूण सांगतो: इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण उघडायला गेलात आणि ते आतून कोणी धरून ठेवल्यासारखं घट्ट ओढलं गेलं, तर पडदा फाटलाय. पण तसंच चालवत राहू नका. सिलिंडरमध्ये तेल साठलं तर खरंच इंजिन जाईल. उलट, रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळसर धुराचा एक छोटा झोत येऊन क्षणात थांबतो, तो या आडव्या सिलिंडरच्या इंजिनाचा स्वभावच आहे. तेल रात्री एका बाजूला ओघळलेलं असतं.

पाण्याची बाजू कच्ची आहे. कूलंटची टाकी प्लॅस्टिकची, वीस वर्षांत तडकते. बॉक्स्टरच्या मागच्या डिकीचं कार्पेट ओलं लागलं आणि गोडसर वास आला तर तीच. वॉटर पंपाच्या आतला पंखाही प्लॅस्टिकचा, तो तुटला तर तुकडे पाण्याच्या वाटांत जाऊन अडकतात. दोन्हींना प्रत्येकी पाचशे ते बाराशे. रेडिएटर गाडीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत, बंपरमागे आहेत. त्यांच्या तोंडाशी झाडाची पानं साचून कुजतात आणि पत्रा खातात. बंपर काढून वर्षातून एकदा पानं काढायची. या कामाला जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि बहुतेक मालक ते करत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर दोन्ही बदलावे लागतात.

बॉक्स्टरच्या कापडी छतातून वाहून येणारं पाणी खाली जायला नळ्या आहेत. त्या तुंबल्या की पाणी आत उतरतं, आणि चावी ओळखणारा कंप्युटर नेमका ड्रायव्हरच्या सीटखाली, जमिनीलगत आहे. तो भिजला की गाडी सुरूच होत नाही. नवा बसवून चावीशी जुळवून घ्यायला हजाराच्या वर जातात. नळ्या साफ करायला एक मऊ वायर आणि दहा मिनिटं पुरतात. २००२ पर्यंतच्या छतात मागची काच नसून प्लॅस्टिक आहे, ते पिवळं पडून तडकतं. २००३ पासून खरी काच आली.

पावसात इंजिन झटके देऊ लागलं तर सहापैकी एखादी इग्निशन कॉइल तडकलेली असते, चाळीस-साठ डॉलरला एक. चावी फिरवली आणि ती परत येईना, किंवा वायपर-एसी आपोआप बंद पडू लागले तर चावीमागचा विजेचा स्विच. तो फक्त वीस-तीस डॉलरचा. खड्ड्यातून जाताना पुढून कुरकुर आली तर चाकाला धरणाऱ्या चार आडव्या दांड्यांची रबरं फाटलीत. अमेरिकेत त्यांना आकारावरून ‘शवपेटी’ म्हणतात, ते नाव ऐकून घाबरू नका. प्रत्येकी दीडशे-दोनशे.

पैशाची चणचण नसेल आणि ही सगळी इंजिनाची चिंताच नको असेल, तर ९९६ ची टर्बो किंवा जीटी३ बघा. त्यांचं इंजिन वेगळ्या, शर्यतीच्या घराण्यातलं आहे, हान्स मेत्स्गर यांच्या नावाने ओळखलं जाणारं, आणि त्यात हे बेअरिंग नाही. पण त्यांचंही एक दुखणं आहे. पाण्याच्या काही नळ्या इंजिनात चिकटवून बसवलेल्या आहेत. वय झालं की चिकट सुटतं आणि एकदम सगळं कूलंट रस्त्यावर. इंजिन उतरवून त्या वेल्डिंग करून घ्यायच्या. आणि गाडीची किंमत कितीतरी जास्त.

हे वाचून कोणी ती पुण्याला न्यायचा विचार करत असेल तर सांगून ठेवतो: वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजवीकडे स्टीअरिंग असलेली हवी. तेव्हा हा हौसेचा मामला ज्या देशात गाडी आहे तिथेच.

बघायला जाताना

पोर्शेची कामं करणाऱ्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये तीनशे ते पाचशे डॉलर देऊन तपासणी करून घ्या. त्यात तीन गोष्टी आवर्जून मागा: फिल्टर कापून बघणं, सिलिंडरमध्ये कॅमेरा घालणं आणि इंजिनच्या कंप्युटरमधली मर्यादेबाहेर गेलेल्या फेऱ्यांची नोंद. हातगियरच्या गाडीत कोणी पाचव्यातून चौथ्यात जाण्याऐवजी चुकून दुसऱ्यात गेला असेल, तर ती चूक त्या नोंदीत कायमची राहते. इंजिनावरचा नंबरही वाचा. त्यात ‘एटी’ ही अक्षरं असतील तर कारखान्यातून बदलून आलेलं इंजिन आहे, आणि मग गाडीचं वर्ष बघून बेअरिंग कोणतं असेल याचा अंदाज बांधू नका. उघडून बघितल्यावरच कळेल.

घेतल्यानंतर गाडीसाठी वर्षाला दोन-तीन हजार डॉलर वेगळे काढून ठेवा. एखाद्या वर्षी पाचशेत भागेल, एखाद्या वर्षी चार हजार लागतील. ते पैसे बाजूला ठेवणं जमणार नसेल तर गाडी घेऊ नका, आणि जमणार असेल तर घ्या आणि चालवा. गॅरेजमध्ये झाकून ठेवू नका. तेल पूर्ण गरम होऊ द्या, मग चार-पाच हजार फेऱ्यांपर्यंत बिनधास्त न्या. ती त्यासाठीच बनली आहे.

आणि बघायला जाण्याच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. साखळीची खडखड, धुराचा लोट, एरवी लपवता येण्यासारखं बरंच काही थंड इंजिनाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. पोचल्यावर आधी मागे वाका आणि सायलेन्सरच्या टोकाला हात लावा. गरम लागलं तर रंगाचं कौतुक करा, चहा-कॉफी घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.